सहाचं टेबल, नऊचं टेबल

माझ्या मोठ्या दिरांशी मी तेवीस वर्षांत सरळ एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं, बरं का. आमच्याकडं पद्धतच तशी. धाकट्याच्या बायकोनं मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि काही सांगायचं झालं तर कुणाच्या तरी मार्फत सांगायचं. घरात तिसरं कुणी नसलं तर भिंतीला सांगायचं. "चहा झालाय म्हणावं." भाऊजीही भिंतीलाच उत्तर द्यायचे, "आलो म्हणावं." दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या आणि मधली ती भिंत. तिनं आम्हाला फार सांभाळून घेतलं.

भगवंत भाऊजी मंचरच्या मार्केटात एका आडत्याकडं तीस वर्षं दिवाणजी होते. कांद्याच्या लिलावात समोरचा व्यापारी अजून किती चढणार हे त्याच्या पान चघळण्यावरून सांगायचे. रमीला तर त्यांना कुणी बसवून घ्यायचं नाही. उगाच कशाला हरायचं, म्हणायचे लोक. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिने खाट धरली. करमणूक म्हणून माझ्या मुलीनं, समृद्धीनं, त्यांच्या फोनवर पोकर घालून दिलं. आता ती पैशाची टेबलं कायद्यानं बंद झालीत. मी सांगतेय ती त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. भाऊजी बसायचे ते सगळ्यात खालचं टेबल, एक-दोन रुपयांचं. तिथं दिवसभर हरलं तरी सहसा एका मिसळीचेच पैसे जायचे.

खेळ तसा साधा आहे. हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे. दोन्ही मिळून ज्याचा डाव भारी तो जिंकला. किंवा एखाद्यानं बोली वाढवली आणि बाकीच्यांनी घाबरून पत्ते टाकले, तरी तो जिंकला. मला हा दुसरा भाग फार आवडला. फक्त प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघायच्या आधीच पैसे टाकावे लागतात. ती पाळी फिरत फिरत येते. टेबलावर नऊ जण असले तर उशिरा येते, सहा असले तर लवकर.

हे मला कसं ठाऊक? चहा देताना मागून बघून. आठवीत माझी शाळा सुटली. ब्लाउज शिवायला मी दुसऱ्यांचे ब्लाउज उसवून शिकले, स्कूटी पडून शिकले आणि पोकर हरून शिकले. दुपारी मशीनवर गिऱ्हाईक नसलं की मोबाईल शिलाईच्या डब्याला टेकवायचा आणि सहाच्या टेबलावर बसायचं. नऊच्या टेबलावर मी दोनदा बसून बघितलं. चांगल्या पत्त्याची वाट बघता बघता दूध उतू गेलं.

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर पडलं ते माझ्याच तोंडानं.

एक दिवस सकाळी भाऊजींना नऊच्या टेबलावर जागा मिळाली नाही म्हणून ते सहाच्या टेबलावर बसले आणि तासाभरात होतं नव्हतं ते घालवून बसले. आमच्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींच्या सारजाबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी आत भाकरी थापत होते.

"सहाचं टेबल म्हंजी निव्वळ जुगार!" भाऊजी फोनवर डाफरत होते. "टेकायला येळ न्हाई, पत्त्याला दम न्हाई. नऊच्या टेबलावर माणूस इचार करून खेळतो. हितं समदी वानरं."

माझा हात थापता थापता थांबला आणि तोंड सुरू झालं. "अक्का, म्हणावं, सहाच्या टेबलावर भारी पत्त्याची वाट बघत बसलं तर दुसऱ्यानं हरवायची गरजच नाही. पाळीचे पैसेच खाऊन टाकतात."

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"सारजे, कोण बोललं हे?"

"भिंत," जाऊबाई म्हणाल्या.

"भिंतीला लई कळायला लागलं की." भाऊजी काठी टेकत उठल्याचा आवाज आला. "भिंतीला इचार, राणी-दहा आलं आणि सहा जणं बसलेत, तर काय करायचं?"

"कुठं बसलोय त्यावर आहे, म्हणावं. शेवटी बोलायचं असलं आणि आधी कुणी वाढवलं नसलं तर वाढवायचं. नऊ जणं असली आणि पहिलं बोलायचं असलं तर टाकून द्यायचं."

 मग भाऊजी जाऊबाईंना म्हणाले, "हिच्या मोबाईलात हाये व्हय हे?"

संध्याकाळी माझे यजमान रामनाथ पिकअप घेऊन आळेफाट्याहून आले. तोवर अंगणात पंचायत बसलेली. भाऊजींचं म्हणणं, घरात असला जुगार चालायचा नाही. रामनाथ म्हणाले, "दादा, तुमी खेळता तो खेळ आणि ती खेळती तो जुगार?" भाऊजी म्हणाले, "मी नऊच्या टेबलावर बसतो. फरक हाये." मग तो फरक सिद्ध करायचं ठरलं. महिनाभर दोघांनी सारखेच पाचशे रुपये घेऊन बसायचं, दुपारी दोन तास. त्यांनी नऊच्या टेबलावर, मी सहाच्या. महिन्याअखेर मी त्यांच्या मागं राहिले तर मोबाईलातून पोकर काढून टाकायचं आणि परत नाव घ्यायचं नाही.

"आणि पुढं राहिली तर?" समृद्धीनं विचारलं.

भाऊजी हसले. "तर मी मार्केटात उभा राहून सांगीन, आमच्या उज्ज्वलाला पत्त्यातलं कळतं म्हणून."

ते हसत म्हणाले, पण मला त्या रात्रीच्या जेवणात मीठ कमी की जास्त हेसुद्धा कळलं नाही. आजवर माझं कौतुक झालं ते भाकरीचं आणि काजबटनाचं. मला डोकं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचंच असेल तर ते भगवंत भाऊजींनी म्हणावं, ज्यांच्यासमोर मार्केटातले व्यापारी तोंडातलं पान लपवायचे. तेवढ्यासाठी मी महिनाभर काय, वर्षभर दूध उतू जाऊ दिलं असतं.

पहिले पंधरा दिवस मी थोडी वर, ते थोडे खाली. ते का खाली जात होते ते मला चहा देतानाच दिसलं, पण बोलायची सोय नव्हती. दुपारच्या वेळी नऊचं टेबल भरतच नाही. नावाला नऊ खुर्च्या, बसलेले पाच. आणि भाऊजी मात्र नऊ जण असल्यासारखे एक्का-राजाची वाट बघत बसायचे.

माझं माहेर तळेघरच्या अंगाला. तिकडं भाताची आवणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळ्या बाया आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. नऊ-दहा जणी ओळीत वाकल्या की एखादी दमली तरी खपून जातं, शेजारची तिच्या पुढ्यातलं लावून टाकते. पण पाचच जणी आल्या तर खाचर काही अरुंद होत नाही. प्रत्येकीला हात लांबवून लावावं लागतं. बरी रोपं हाताशी येईपर्यंत थांबणारी बाई तिथं मागंच राहते. भाऊजी पाच जणींच्या ओळीत दहा जणींच्या हिशेबानं वाकलेले. हे मी कुणाच्या मार्फत सांगू? जाऊबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आवणीचंच कौतुक करत संध्याकाळ केली असती.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. सहाच्या एकाही टेबलावर जागा नव्हती, म्हणून मी नऊच्या टेबलावर बसले. समोर नाव दिसलं, "दिवाणजी मंचर". एका घरातल्या दोघांनी एका टेबलावर बसू नये असा तिथला नियम असतो, हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की हे भाऊजी आहेत आणि माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. मोबाईलसमोर. खोलीत मी एकटी.

पाच जण होतो. तीन-चार डाव असेच गेले. मग भाऊजींनी बोली वाढवली, मधल्यांनी टाकलं आणि पाळी माझ्यावर आली. हातात दोन राजे. दोन एक्के सोडले तर याच्यावर पत्ता नाही. दुसरा कुणी असता तर मी त्याला सोलून काढला असता. पण मोठ्या दिरानं एक बोलायचं आणि आपण त्याच्या वर बोलायचं, हे माझ्या बोटाला जमेना. मी टाकून दिले.

नेमके तेव्हाच रामनाथ जेवायला आत आले होते. ते माझ्या खांद्यावरून ओरडले, "अगं ए! दोन राजे टाकले? डोकंबिकं फिरलं का?"

माझं नाव भाऊजींनाही टेबलावर दिसत होतंच; भिंतीपलीकडं खाट करकरली. काठी वाजली. भाऊजी आमच्या दारात आले. तेवीस वर्षं ते दारातून बाजूला बघत बोलायचे. या वेळी सरळ माझ्याकडं बघितलं.

"उज्ज्वला, दोन राजे टाकलेस तू?"

मी पदर ओढला, मान खाली घातली.

"माझ्याकडं दोन राण्या व्हत्या. मी सगळे लावणार व्हतो. तू खेळली असतीस तर माझी रास साफ झाली असती." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मला वाचवलंस व्हय?"

"दादा, तिनं मर्यादा ठेवली," रामनाथ मध्ये पडले.

"मर्यादा ताटावर ठेव. पत्त्यावर न्हाई." भाऊजी म्हणाले. "तीस वर्षं मार्केटात मला कुणी सूट दिली न्हाई म्हणून मी मान वर करून चाललो. गुडघा बदललाय माझा, डोकं न्हाई. हरायचा हक्कबी न्हाई का मला?"

मला वाटलं होतं मी त्यांचा मान ठेवला. ते तर अपमान झाल्यासारखे उभे होते. आणि खरंच होतं की ते. सूट आपण कुणाला देतो? ज्याला लहान समजतो त्याला.

भाऊजींनी तिथंच जाहीर केलं, महिना रद्द. येत्या रविवारी दुपारी अंगणात खऱ्या पत्त्यांवर बसायचं. नऊ जण बसतील, ज्याचं संपेल तो उठेल. "आधी नऊचं टेबल, मग सहाचं, मग दोघांचं. समदंच कळंल. शर्त तीच. आणि तिला सांगा..." इथं ते थांबले. मग रामनाथला वगळून मलाच म्हणाले, "परत राजे टाकलेस तर मी या दारात पाऊल ठेवणार न्हाई."

रविवारी सतरंजी पसरली. पैशाऐवजी चिंचोके, प्रत्येकाला शंभर. भाऊजी, जाऊबाई, रामनाथ आणि मी, शेजारचे चिमाजी आणि त्यांच्या घरचे तिघं. नववे जुन्नरचे वलीभाई. त्यांचा बारदानाचा, रिकाम्या पोत्यांचा धंदा. मार्केटात भाऊजींशी तीस वर्षांची दोस्ती. "चिंचोके हैत म्हणून बसतो, दिवाणजी. पैसे असते तर मी चहा पिऊन उठलो असतो." पत्ते वाटायला समृद्धी. तिनं फळ्यावर नियम लिहून ठेवला होता: दर अर्ध्या तासानं पाळीचे चिंचोके दुप्पट.

नऊ जण होते तोवर भाऊजी काय खेळले! खरं सांगते, बघत राहावं. पत्ते यायचे, ते कोपरा उचलून बघायचे, टाकायचे. पुन्हा टाकायचे. चिमाजी म्हणाले, "भगवंता, झोपलास का?" तेवढ्यात भाऊजींनी वाढवलं. चिमाजी राजा-गुलाम घेऊन मागं गेले आणि दोन एक्क्यांवर आपटले. "झोपेत बडबडलो जरा," भाऊजी म्हणाले. मी मात्र सवयीनं हलके पत्ते घेऊन घुसत राहिले. एवढ्या जणांत कुणा ना कुणाकडं भारी असतंच. शंभराचे माझे चाळीस झाले. भाऊजींनी नऊच्या टेबलाबद्दल सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. मी खेळायचं कमी केलं आणि त्यांच्यासारखी टाकत बसले.

चिमाजी आणि त्यांच्या घरचे एकेक करून उठले. जाऊबाई उठल्या त्या आपखुशीनं. "मला शेंगा फोडायच्यात," म्हणून उरलेले चिंचोके त्यांनी वलीभाईंच्या पुढ्यात ढकलले. "हे नियमात बसतं का?" समृद्धीनं विचारलं. "घरात बसतं," जाऊबाई म्हणाल्या.

आम्ही चार उरलो आणि सतरंजी एकदम मोकळी झाली. मग मी हात लांबवला. कुणी वाढवलं नसलं की मी वाढवायची. रामनाथ टाकायचे, वलीभाई टाकायचे, भाऊजी कोपरा उचलायचे आणि टाकायचे. कुणाला दर डावात एक्का येतो? माझ्या पुढ्यात ढीग चढायला लागला, कुणाला काही दाखवायची वेळच आली नाही. रामनाथ चिडून उठले, "बायकोनं लुटला हो!" वलीभाई हसत उठले, "भाभी, आमचं बारदान रिकामं झालं."

आता मी आणि भाऊजी. त्यांच्या पुढ्यात तीनशेच्या आसपास, माझ्या पुढ्यात सहाशे. पदर डोक्यावर होता, पण मी त्यांच्या हाताकडं बघत होते. हात, बोटं, पत्त्याचा कोपरा किती वेळ उचलून धरतात ते. त्यांनीच नाही का पान चघळण्यावरून भाव ओळखला होता?

चार डाव मी वाढवले, चार डाव त्यांनी टाकले. पाचव्याला पहिली बोली त्यांची होती. त्यांनी कोपरा उचलला, लगेच सोडला आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढं सारला.

"सगळे."

मी माझे पत्ते बघितले. एक्का आणि सहा. नऊ जणांत असले पत्ते मी टाकले असते आणि झोपले असते. पण इथं नऊ जण नव्हते, दोघंच होतो. भाऊजींच्या एक्का-राजाची वाट बघायची सवय मी तीन आठवडे पाहिली होती. त्यांच्याकडं एक्के असते तर ते थांबले असते, मला अजून आत ओढलं असतं. हे ढकलणं वेगळं होतं. भाऊजी शिकत होते. दोन तासांत, माझ्याकडूनच, हात लांबवायला शिकले होते.

अंगणात कुणी शेंगसुद्धा फोडत नव्हतं. "आई," समृद्धी म्हणाली, "बोल."

आता मार्फत कुणी नव्हतं. मी मान वर केली.

"भाऊजी," मी म्हटलं, "घेते मी. दाखवा."

तेवीस वर्षांनी. आणि जीभ काही झडली नाही.

त्यांनी राजा-दहा उलटे केले. मी एक्का-सहा ठेवले. समृद्धीनं एकेक पान लावलं. तिर्री. अठ्ठी. आणखी एक तिर्री. गुलाम. शेवटची पंजी. ना त्यांना काही लागलं, ना मला. तिर्रीची जोडी दोघांचीही. माझा एक्का तेवढा वर राहिला.

भाऊजींनी तो एक्का बोटानं सरळ केला. चिमाजींच्या तोंडात टोमणा तयार होता, तो त्यांनी गिळला. मग भाऊजींनी काठी घेतली, उठले आणि वलीभाईंना म्हणाले, "बघितलंस वली? सहा घेऊन मला भिडली. भ्याली न्हाई. नऊच्या टेबलावर मीच भारी, ते सोडणार न्हाई मी. पण माणसं कमी झाली की आमच्या उज्ज्वलापुढं कुणी टिकत न्हाई. तुझ्या जुन्नरात सांग."

"जुन्नरात कशाला, आधी मार्केटात सांगा की," वलीभाई म्हणाले. "ठरलं व्हतं तसं."

सोमवारी खरंच सांगितलं त्यांनी. बटाट्याच्या लिलावात, बोली थांबवून. मला ते तीन बायकांकडून तीन प्रकारे कळलं. तिसऱ्या प्रकारात मी सात एक्क्यांनी जिंकले होते. मी कुणालाही दुरुस्त केलं नाही. त्या दिवशी कापलेल्या दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागल्या, तेवढं नुकसान.

मंगळवारी दुपारी मी मशीनवर होते. काठी वाजली. भाऊजी दारात आले, भिंतीला काही म्हणाले नाहीत. आत आले, माझ्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि फोन माझ्यापुढं धरला. सहाचं टेबल.

"गुलाम-दहा आलेत," ते म्हणाले. "सांग लवकर, घड्याळ पळतंय."

मी पायडल थांबवलं. पदर सरकला होता, तो वर घेतला. पदर आणि बोलणं, दोन्ही कामं होतात एका वेळी.

"भाऊजी, पत्ते नंतर. बसलेत किती?"

त्यांनी चष्मा वर केला आणि रिकाम्या खुर्च्या वगळून एकेक मोजलं.

"चार."

"तुमच्या आधी कुणी वाढवलं?"

"न्हाई."

"मग बघत काय बसलात? वाढवा."

आणि मार्केटात तीस वर्षं मुरलेल्या दिवाणजीनं, चष्मा परत नाकावर ठेवून, वाढवलं.